एकाच गावात अडकलेलं लॅपिंग: रबाळ्यातल्या एका व्हॉल्व्ह कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, रबाळे एमआयडीसीतला हा कारखाना. गेट, ग्लोब आणि चेक व्हॉल्व्ह बनवतो. ग्राहक मुख्यतः केमिकल आणि रिफायनरीवाले. माणसं दीडशेच्या घरात, निम्म्याहून थोडी जास्त परमनंट, बाकीची कंत्राटदाराकडची. परमनंट कामगारांची युनियन आहे आणि मालकाशी तिचं बोलणं तुटलेलं नाही, ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. मी या प्रकरणात प्रशिक्षणाच्या बाजूने होतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

कास्टिंग बाहेरून येतं. सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशिनांवर मशिनिंग होतं, सीट रिंगवर स्टेलाइट या कठीण मिश्रधातूचा थर वेल्डिंगने चढतो, मग लॅपिंग, असेंब्ली, हायड्रो टेस्ट म्हणजे पाण्याच्या दाबाखाली गळतीची तपासणी, रंग आणि डिस्पॅच. यातल्या लॅपिंगबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण त्या एका टेबलापाशी सुरू होतं.

गेट व्हॉल्व्हमधला वेज, म्हणजे प्रवाह अडवणारा पाचरीसारखा भाग, आणि तो जिथे टेकतो ती सीट रिंग यांची तोंडं अशी जुळावी लागतात की व्हॉल्व्ह बंद केल्यावर दाबाखालचं पाणी पलीकडे जाऊ नये. त्यासाठी बिडाच्या प्लेटवर कार्बोरंडमची पेस्ट लावून नग हाताने, इंग्रजी आठच्या आकड्यात घासतात. मग तोंडाला निळा रंग लावून दोन्ही भाग जुळवून बघतात. निळ्याचा पट्टा गोलभर अखंड उमटला तर ठीक, कुठे तुटला तर परत प्लेटवर. हायड्रो टेस्टला एपीआय 598 या व्हॉल्व्ह तपासणीच्या मानकाप्रमाणे बॉडी ही रेटिंगच्या, म्हणजे व्हॉल्व्हला ठरवून दिलेल्या दाबाच्या, 1.5 पट दाबावर आणि सीट 1.1 पट दाबावर तपासतात. मशीनवर राहिलेली चूक लॅपिंगला थोडीफार सावरता येते. लॅपिंगला राहिलेली चूक मात्र थेट टेस्ट बेंचवर गळते.

अडचण

2023 साली गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला होती, आणि 30 सप्टेंबरला सहामाही संपत होती. डिस्पॅचचा सगळा जोर त्याच दोन आठवड्यांत. कोकणातली माणसं गावी जाणार हे दरवर्षीचं, त्यामुळे रजा मंजूर करताना कुणी दोनदा विचार केला नाही. हजेरीपत्रकावर एकूण गैरहजेरी फार नव्हतीही. सीएनसी चालू होत्या, असेंब्लीत माणसं होती. पण लॅपिंगच्या टेबलावर कुणीच नव्हतं.

लॅपिंग करणारे तिघे. सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते संगमेश्वर तालुक्यातले. उरलेल्या दोघांना काकांनीच काही वर्षांपूर्वी नोकरीला लावलं होतं, आणि दोघे त्यांच्याच वाडीतले. ओळखीने माणूस आणायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि तिचे फायदेही आहेत: माणूस टिकतो, शिकवणारा हक्काने शिकवतो. पण इथे एका कामाचं सगळं कौशल्य एका वाडीत जाऊन बसलं होतं, आणि ती वाडी एकाच गाडीने गावी गेली होती.

मशिनिंग झालेले वेज टेबलापाशी साठत गेले. ग्राहकाचा तपासनीस हायड्रो टेस्ट बघायला आला आणि बघण्यासारखं काही नसल्याने परत गेला. सहामाहीचा मोठा माल ऑक्टोबरात गेला.

ऑक्टोबरातल्या बैठकीत क्वालिटी विभागाने एक फाइल काढली. आयएसओ 9001:2015 या गुणवत्तेच्या मानकाच्या कलम 7.2 मध्ये माणसांच्या सक्षमतेचा पुरावा ठेवावा लागतो, म्हणून स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कोणतं काम किती येतं याचा तक्ता, तयार होताच: उभ्या ओळीत नावं, आडव्या ओळीत कामं, प्रत्येक चौकटीत चार भागांचं वर्तुळ. त्या कागदावर लॅपिंगसमोर नऊ जणांची वर्तुळं पूर्ण भरलेली होती.

त्या नवांतले सहा जण कधीतरी, कुणी नसताना, टेबलावर बसले होते एवढंच. सुपरवायझरने ऑडिटच्या आदल्या आठवड्यात फाइल भरली होती आणि आपली माणसं कमी दिसू नयेत एवढाच त्याचा हेतू होता. मला त्याचा दोष वाटत नाही. ज्या कागदाचा वापर फक्त ऑडिटला दाखवायला होतो, तो ऑडिटसाठीच भरला जाणार.

समोरचे पर्याय

मालकांचा पहिला विचार गणपतीत रजा बंद करण्याचा होता. प्रॉडक्शन मॅनेजरनेच तो थांबवला. कोकणातला माणूस गणपतीला रजा न मिळाल्यास राजीनामा देऊन जातो, आणि काकांनी राजीनामा दिला तर प्रश्न एका आठवड्याचा राहणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

लॅपिंग बाहेर जॉबवर देणं हा दुसरा पर्याय. रबाळे आणि पावणे भागातल्या गाळ्यांत असं काम करणारे मिळतात. पण काही ग्राहकांच्या ऑर्डरमध्ये बाहेर दिलेल्या प्रत्येक प्रक्रियेला आधी मंजुरी लागते. तिसरा पर्याय लॅपिंग मशीनचा, आणि मालकांचा कल तिकडेच होता. मशीन सपाट, सुट्या रिंगांना चांगलं. मोठ्या वेजची जोडीने जुळवणी शेवटी हातानेच करावी लागते. चौथा, आणखी एक अनुभवी लॅपर भरती करणं. जाहिरात दिली होती, आले ते पॉलिशिंगवाले.

पाचवा पर्याय स्किल मॅट्रिक्स पहिल्यापासून खरी करण्याचा. तो सगळ्यांत संथ होता, आणि तरी मी त्याचाच आग्रह धरला. लॅपिंगचं भोक दिसलं कारण माल अडला. अजून न अडलेली अशी किती भोकं आहेत हे कुणालाच माहीत नव्हतं. मशीन एक भोक बुजवतं, खरा नकाशा सगळी दाखवतो. मशीनचा निर्णय सहा महिने पुढे ढकलायचा, एवढ्यावर मालक तयार झाले.

निर्णय पहिला: वर्तुळ कोण भरणार

सुपरवायझरने भरलं तर काय होतं ते दिसलंच होतं. कामगाराने स्वतः भरावं, असं एचआरचं म्हणणं. एका विभागात करून पाहिलं. नवी मुलं सढळ हाताने भरत होती, आणि वीस वर्षं काम केलेला माणूस स्वतःला अर्धंच वर्तुळ देत होता, कारण त्या कामात काय काय बिघडू शकतं हे त्यालाच ठाऊक होतं.

शेवटी असं ठरलं की वर्तुळ कामावर भरायचं. पहिला भाग: मदतीला सुरक्षितपणे उभा राहू शकतो. दुसरा: कुणाच्या देखरेखीखाली करतो. तिसरा: एकट्याने, ठरलेल्या वेगाने आणि दर्जाने करतो. चौथा: दुसऱ्याला शिकवून तिसऱ्यापर्यंत आणलेलं आहे. तिसऱ्या भागासाठी प्रत्यक्ष जॉब द्यायचा आणि तपासणारा दुसऱ्या विभागाचा असायचा. चौथा भाग दाव्यावर मिळणार नाही, शिकलेला माणूस दाखवावा लागेल.

हे करायला तीन महिने लागले. नवा तक्ता जुन्याच्या मानाने रिकामा होता. लॅपिंगला तिसऱ्या भागावर तिघेच, चौथ्यावर एकटे काका. हायड्रो बेंचवर दोघे. स्टेलाइट वेल्डिंगला एकच जण. व्हीएमसीचं सेटिंग दोन शिफ्टमध्ये मिळून एका मुलाच्या हातात. ऑपरेटर तिथे भरपूर होते, म्हणून हे आधी कधी जाणवलंच नव्हतं.

निर्णय दुसरा: भिंतीवर लावायचा का

बऱ्याच कारखान्यांत हा तक्ता नावांसकट शॉप फ्लोअरवर टांगलेला असतो. इथेही छापून तयार होता. युनियनच्या एका पदाधिकाऱ्याने विचारलं, “बावीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाच्या नावापुढे पाव गोळा, आणि शेजारी अप्रेंटिसचा पाऊण. साहेब, हे तुम्ही त्याच्या डोळ्यांसमोर रोज आठ तास ठेवणार?”

मला हा प्रश्न रास्त वाटला. त्या माणसाला वीस वर्षं एकाच मशीनवर कंपनीनेच ठेवलं होतं. भिंतीवरचा कागद मात्र त्याचंच उणं दाखवत होता. मग नावांचा तक्ता सुपरवायझर आणि त्या त्या कामगारापुरता राहिला, आणि भिंतीवर लागला तो कामांचा: अमुक काम, एकट्याने करू शकणारे इतके, किमान हवेत इतके. नाव कुणाचंच नाही. हायड्रो टेस्टसमोर ‘आहेत दोन, हवेत चार’ असं वाचल्यावर माणसं आपणहून विचारायला आली.

निर्णय तिसरा: पैसे आणि लेखी शब्द

युनियनच्या मनात एक भीती होती आणि ती पोकळ नव्हती. कोण काय करू शकतं याची यादी झाली की कोण नको आहे याचीही यादी आपोआप होते. पाच जणांचं काम तिघे करू शकतात असं दिसलं तर दोघांचं काय?

तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायदा, 1947 च्या कलम 9-अ नुसार चौथ्या अनुसूचीतल्या बाबींत बदल करायचा तर 21 दिवसांची नोटीस द्यावी लागे. ग्रेडनुसार वर्गीकरण त्या अनुसूचीत होतं. एचआरला नुसती नोटीस देऊन पुढे जाता आलं असतं. त्याऐवजी त्यांनी युनियनशी करार केला, कारण करारातून होणाऱ्या बदलाला वेगळी नोटीस लागत नाही. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की करारावर दोघांच्या सह्या असतात.

करारात तीन गोष्टी आल्या. या तक्त्याच्या आधारे कुणाला कमी करणार नाही. दुसऱ्या कामात तिसरा भाग मिळवणाऱ्याला दरमहा भत्ता, चौथा मिळवणाऱ्याला अधिक. आणि नवीन कामावर असताना उत्पादन कमी झालं तर ते कामगाराच्या खात्यावर धरायचं नाही. तिसरी अट मसुद्यात आधी नव्हती. ती आली काकांमुळे.

निर्णय चौथा: काका

काकांनी शिकवायला नकार दिला होता. ऑफिसात त्याचा अर्थ असा लावला गेला की जुना माणूस हातातली विद्या सोडत नाही. बैठकीत दोघातिघांनी तसं बोलूनही दाखवलं. एचआरच्या बाईंनी मात्र टेबलापाशी स्टूल ओढून सरळ विचारलं, “काका, अडचण काय आहे?”

“अडचण काही नाही, मॅडम. शिकवायला बसलो की माझे नग कमी होतात. महिन्याच्या शेवटी इन्सेंटिव्हचा फरक कोण देणार? तुम्ही?”

लॅपिंगचा इन्सेंटिव्ह नगांवर होता. म्हणजे काकांनी एखाद्याला जितकं मन लावून शिकवावं तितका त्यांचाच पगार कमी व्हायचा. वर्षानुवर्षं तिथे कुणी शिकलं नाही त्याचं कारण स्वभावात नव्हतं, पगारपत्रकात होतं, आणि ते पगारपत्रक ऑफिसातूनच निघत होतं. शिकवण्याच्या दिवसांत मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतका इन्सेंटिव्ह मिळेल असं ठरलं. काकांनी आणखी एक अट घातली: शिकणारी माणसं ते स्वतः निवडणार.

मॅनेजरच्या यादीत असेंब्लीतली तीन दणकट मुलं होती. काकांनी त्यातला एक ठेवला, ऐरोली गावठाणातला आगरी मुलगा. दुसरा कल्याणहून येणारा फिटर घेतला. तिसरी निवडली ती तपासणी विभागातली, आयटीआयला मशिनिस्ट केलेली घणसोलीची मुलगी. लॅपिंग ताकदीचं काम म्हणून तिचा विचार कुणी केला नव्हता. काकांचं म्हणणं, “ताकद लावली की नग बिघडतो. हिची नजर बघा, निळा कुठे तुटला ते ही मला सांगते.”

शिकवण्याची पद्धत मी जुनीच वापरली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांची अनुभवी माणसं सैन्यात गेली आणि नवख्यांना भराभर तयार करावं लागलं, तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या कार्यक्रमातून ती पुढे आली आणि युद्धानंतर जपानी कारखान्यांत रुजली. कामाचे टप्पे करायचे, प्रत्येक टप्प्याला कळीचा मुद्दा कोणता आणि तो का, हे लिहायचं. मग सांगून-दाखवून करवून घ्यायचं आणि नंतर मागे लक्ष ठेवायचं. शिकणाऱ्याला आलं नाही तर शिकवणाऱ्याने शिकवलं नाही, असं तिथे धरतात.

काका कामाचे टप्पे सहज सांगत. कळीचे मुद्दे काढायला वेळ लागला, कारण ते त्यांच्या हातात होते, तोंडात नव्हते. आम्ही शेजारी बसून विचारत राहिलो: आत्ता का थांबलात? आत्ता नग का फिरवलात? उत्तरं मराठीत आणि हिंदीत लिहून काढली. पेस्ट ताजी असेपर्यंत खरखर ऐकू येते, आवाज मऊ झाला की पेस्ट मेली, पुसून नवी लावा. वरून दाब देऊ नका, कड गोल होते. काही फेऱ्यांनंतर नग पाव वळसा फिरवा, नाहीतर एकीकडून जास्त खातो. जाड पेस्टवरून बारीकवर जाताना नग आणि प्लेट दोन्ही धुवा, एक जाड दाणा राहिला तरी ओरखडा येतो. ही दोन पानं आजही त्या टेबलाजवळ आहेत, आणि कारखान्यातला सगळ्यांत मोलाचा कागद मी त्यांनाच म्हणेन.

पुढे काय झालं

पहिले काही महिने हायड्रोला गळती वाढली. शिकाऊंचे नग परत येत होते, आणि मार्च अखेरीला काकांना पूर्णवेळ उत्पादनावर परत घ्या असा दबाव आला. प्रॉडक्शन मॅनेजरने मधला मार्ग काढला. शिकाऊंना फक्त लहान साइझचे, कमी दाबाच्या वर्गातले व्हॉल्व्ह द्यायचे आणि मोठे काकांकडे ठेवायचे. शिकवणं थांबलं नाही. या प्रकरणातला सगळ्यांत कठीण निर्णय मला हाच वाटतो, कारण तो मार्चमध्ये घेतला गेला.

मे महिन्यात एक साधी बैठक झाली. कोकण रेल्वेचं आरक्षण तेव्हा 120 दिवस आधी खुलं व्हायचं, म्हणजे गणपतीला कोण जाणार हे कामगारांना मेमध्येच पक्कं माहीत असायचं. एचआरला आधी तक्त्यात ‘मूळ गाव’ असा रकाना हवा होता. युनियनने हरकत घेतली आणि ती योग्य होती, गाव लिहिलं की माणसाची जात-धर्म-भाषा सगळंच त्या चौकटीत येतं. त्याऐवजी प्रत्येकाने आपण होऊन लांब रजेचे आठवडे सांगायचे, एवढंच ठरलं. ते तक्त्याशेजारी ठेवलं की कोणत्या आठवड्यात कोणतं काम उघडं पडतं ते चार महिने आधी दिसतं.

8 जुलै 2024 ला मुसळधार पावसाने मध्य रेल्वेची लोकल सेवा कोलमडली. कल्याण-बदलापूरकडची माणसं पोहोचू शकली नाहीत. ऐरोली, घणसोली, कोपरखैरण्याहून आलेल्यांनी जागा बदलून असेंब्ली आणि हायड्रो बेंच चालवले. पूर्ण वेगाने नाही, पण एक मोठी ऑर्डर टेस्ट झाली.

त्या वर्षी चतुर्थी 7 सप्टेंबरला आली. तिघे लॅपर गावी गेले, टेबल चालू राहिलं. मालक याचं सगळं श्रेय स्किल मॅट्रिक्सला देतात. मी देणार नाही. 2023 ला गणपती सहामाहीच्या तोंडावर होते, 2024 ला त्यानंतर तीन आठवडे हातात होते. थोडा माल मागे पडला असता तरी भरून निघाला असता.

काही गोष्टी उलट्याही गेल्या. स्टेलाइटसाठी आणखी दोन वेल्डरना टिग या वेल्डिंग प्रक्रियेत पात्र करून घेतलं होतं. एएसएमई सेक्शन 9 या वेल्डिंगच्या पात्रतेच्या नियमावलीप्रमाणे वेल्डरने ती प्रक्रिया सहा महिने वापरली नाही तर त्याची पात्रता संपते. दोघांना रोजच्या दुरुस्तीचं साध्या इलेक्ट्रोडचं काम दिलं जात होतं, टिग हातात येतच नव्हतं. तक्त्यावर तीन वेल्डर, प्रत्यक्षात परत एकच. त्यानंतर प्रत्येक वर्तुळाखाली ‘शेवटचं कधी केलं’ अशी तारीख लिहायला लागले आणि दुसऱ्या कामाच्या महिन्याला दोन पाळ्या बांधून दिल्या.

व्हीएमसी सेटिंग करणारा मुलगा तळोज्याला निघून गेला. नुकसान कमी झालं, कारण तोवर दुसरा तयार होता.

वेगळं काय करता आलं असतं

कंत्राटी कामगार पहिल्या दिवसापासून विचारात घ्यायला हवे होते. कंपनीने त्यांचं मूल्यमापन केलं तर उद्या ते थेट कंपनीचेच कामगार असल्याचा दावा येईल, असा सल्ला वकिलांनी दिला आणि त्यांच्या कामाच्या ओळीच तक्त्यातून गेल्या. रंग, शॉट ब्लास्टिंग (रंगाआधी छर्ऱ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ करणं) आणि पॅकिंग ही कामं जवळजवळ पूर्णपणे त्यांच्याकडे होती. नोव्हेंबर 2024 मध्ये छठपूजेला बिहार-उत्तर प्रदेशातली माणसं गावी गेली आणि तयार, टेस्ट झालेला माल रंगावाचून थांबला. कायद्याची चिंता खरी होती, पण माणसं गाळायची म्हणून कामंही गाळायची गरज नव्हती. आता कंत्राटदार स्वतः दर महिन्याला नावाशिवाय आकडे देतो: ब्लास्टिंग करू शकणारे किती, पुढच्या चार महिन्यांत कोणत्या आठवड्यात कमी पडतील.

मूल्यमापन सहा महिन्यांतून एकदा ठेवलं, तेही मला चुकीचं वाटतं. तळोज्याला गेलेल्या मुलाने आणखी एका मशीनचं काम शिकून घेतलं होतं आणि भत्त्यासाठी तो पुढच्या तपासणीची वाट बघत होता. तयार झालेल्या माणसाची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

सुपरवायझरांना या सगळ्यात काहीच मिळालं नाही. आपला तयार माणूस दुसऱ्या विभागाला दोन पाळ्या देणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने आपला आकडा खाली जाणं, आणि महिनाअखेरीला त्या पाळ्या रद्द होतात त्या म्हणूनच. जी गोष्ट काकांच्या बाबतीत लक्षात आली, तीच इथे अजून लागू केलेली नाही. पुढच्या कराराच्या बोलणीत युनियनने दोन कामांत तिसरा भाग असलेल्याला वरची ग्रेड मागितली आहे. सुपरवायझर युनियनमध्ये नाहीत, त्यामुळे त्यांचा मुद्दा व्यवस्थापनालाच टेबलावर आणावा लागेल.